स्तेपान साहेब टाक म्हणतात

१ जून १९५८, रविवार. रुआबांधा.

नवी वही. मी कामाला आहे त्या सिमेंटच्या स्टोअरमधून आणली, लिहिलेली पहिली चार पानं फाडून टाकली. नियम: रोज लिहायचं, थोडक्यात, आणि खरं तेच.

आज व्हॅन ताब्यात आली. लढाईच्या काळातली, मिलिटरीने डिस्पोजलमध्ये काढलेली मालवाहू व्हॅन. माझे मालक हिरालाल शेठ भिलाईच्या पोलाद प्लांटच्या कामावर सिमेंट पोचवतात. ते म्हणाले, पंजाबराव, चिखलात चालवून दाखव, मग पावसाळाभर तूच ड्रायव्हर आणि गाडी तुझ्याच दारात. स्टोअरमधले सगळे हसले. हसू देत. मी दुर्गच्या रेल्वे लोको शेडमध्ये अकरा वर्षं काढली आहेत. ज्याने इंजिनं हाताळली त्याला ही डबडी काय जड.

गाडी दारात हवीच. मथुराचे दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरतात. इथून दुर्गचा दवाखाना सहा मैल. त्यातला दीड मैल कन्हार, म्हणजे इथली काळी चिकण माती. पावसाळ्यात बैल पोटापर्यंत रुततात. मागच्या वर्षी आमची बैलगाडी तिथेच... ते इथे लिहायचं नाही.

मथुरा म्हणते, मले पाण्याच्या अगोदर तुमसरले मायजवळ पोचवून द्या जी. मी म्हणालो, काही गरज नाही, १५ तारखेला गाडी तयार. नाहीच झाली तर १६ च्या पॅसेंजरने स्वतः सोडून येईन. लिहून ठेवलं म्हणजे झालं.

४ जून

प्लॅन तयार. गाडी वर उचलायची, त्यासाठी स्प्रिंगच्या कमानीला जादा पाटे. चाकांना साखळ्या. सायलेन्सरचा पाइप टपावर. आणि मुख्य म्हणजे वजन. इथल्या ड्रायव्हर लोकांना हे कळत नाही. इंजिन जितकं जड तितकी चाकाची पकड, हे शेडमधला क्लीनरसुद्धा सांगेल. हलकं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं.

फकिरा वेल्डर म्हणाला, भाऊ, ते रुळावर. मी म्हणालो, चाक ते चाक. तो आपल्या कामाला लागला. पटलं.

९ जून

कमानीला एका बाजूला चार पाटे वाढवले. दुसऱ्या बाजूला तीनच, कारण चौथा मिळाला नाही. गाडी किंचित डावीकडे पाहते. नेहरूंच्या फोटोसारखी ऐटीत दिसते.

ट्रायल: कोरड्या जमिनीवर दोनशे पावलं. डोकं टपाला दोनदा आपटलं. दोष जमिनीचा.

१३ जून, शुक्रवार

फार मोठा दिवस. पलीकडच्या माळावर रशियन लोकांचे डोझर जमीन सारखी करतात. त्यांचे मोठे साहेब, स्तेपान साहेब, जाता जाता गाडीपाशी थांबले. उंच, लालबुंद, टोपी मागे सरकवलेली. मी मागच्या बाजूला रुळाचा एक तुकडा ठेवत होतो. साहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, टाक.

मी उडालोच. भिलाईत येऊन सगळे हिंदी शिकतात, साहेब मराठी शिकले! मी दुसरा तुकडा टाकला. साहेब मान हलवत म्हणाले, टाक, टाक. तिसरा टाकला. उच्चार जरा ताक असा येतो, रशियन जिभेला ट जमत नसेल. पण वजनाचा माझा सिद्धांत रशियातही मान्य आहे हे आज सिद्ध झालं.

मथुराने मात्र लाज आणली. आतून ऐकलं आणि शेजारच्या भागाबाईच्या म्हशीच्या ताकाचा गडवा घेऊन बाहेर आली. म्हणे, साहेब केव्हाचे ताक मांगून राहिले, तुमी लोखंड काय दाखवता त्याईले. साहेबांनी एका दमात ग्लास संपवला आणि म्हणाले, खराशो. खराब म्हणाले असणार. तरी दुसरा ग्लास घेतला. सभ्य माणसं.

केवलराम त्यांचा दुभाषा. तो भाताच्या रोवणीसाठी गावी गेला आहे. पण साहेबांना मराठी येत असताना दुभाषा हवा कशाला?

१६ जून

पॅसेंजर राइट टाइम गेली. आम्ही गेलो नाही. काम ऐन रंगात असताना चार दिवस तुमसरला कोण घालवणार? सासूबाई ठकूबाई तर जावई आला की आठ दिवस सोडत नाहीत. मथुराने गाठोडं बांधून ठेवलं होतं. संध्याकाळी परत सोडलं. समजूतदार आहे.

नवी तारीख: ३० जून. पक्की.

२४ जून

चार दिवस सतत पाणी. साहेब आज पुन्हा आले. टाक, म्हणाले. मागे रुळाखालचे दोन लाकडी स्लीपर टाकले. साहेब गाडीभोवती फिरले, खाली वाकून चाकं पाहिली, हनुवटी खाजवली. टाक, टाक, टाक. रूळ जोडायच्या फिशप्लेटची अख्खी पेटी टाकली. फकिरा म्हणाला, पंजाबराव, गाडी चिखलात चालवाची हाय का तळ्यात बुडवाची, ते एकदा सांगून टाका.

मथुराने पुन्हा ताक दिलं. यावेळी जिरं घालून. पुन्हा खराशो.

२९ जून

सायलेन्सर टपावर नेला. फकिराकडे लांब पाइप नव्हता, म्हणून चुलीच्या धुराड्याचे तुकडे जोडले. एका सांध्यातून धूर आत येतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो. खिडक्या उघड्या ठेवल्या की काही नाही. खिडक्यांना काचा नसल्याने त्या उघड्याच आहेत.

३० जून

उद्या.

५ जुलै, शनिवार

ट्रायल. सगळ्या रुआबांध्यासमोर. गाडी अंगणातून निघाली, कन्हारपाशी गेली, आणि मागची चाकं खाली बसली. पुढची चाकं वर आली. स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरत होतं, पण गाडीला त्याचं काही नव्हतं. क्लचचा वास आला. रेडिएटरने शिटी मारली. त्या शिटीने मला शेडची आठवण झाली, जरा बरं वाटलं.

अकरा माणसं आणि तीन बैलजोड्या लागल्या. त्याआधी वजन उतरवावं लागलं, नंतर पुन्हा चढवलं.

कारण सापडलं: वाळू. रेल्वेच्या इंजिनाला चाकापुढे वाळू सोडायचे डबे असतात. ते मी विसरलो होतो. एवढी साधी गोष्ट! उद्यापासून वाळूचे डबे.

११ जुलै

डबे बसले. दोन तेलाची पिंपं, प्रत्येकातून चाकापुढे नळी. सीटवरून तार ओढली की वाळू पडते. पिंपं भरल्यावर गाडी आणखी चार बोटं खाली आली. पकड वाढली.

ओली वाळू नळीतून पडत नाही. आधी चुलीवर भाजून घ्यावी लागते. मथुराला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी टाकत राहिली.

१७ जुलै

प्लांटच्या कॅम्पातली नर्सबाई येऊन गेली. म्हणाली, आता रेल्वेचा प्रवास नको. मूल खाली सरकलं आहे, तारखेच्या आधीही होऊ शकतं.

म्हणजे तुमसर संपलं.

मी मथुराला म्हणालो, बरं झालं, आता लक्ष एकीकडे राहील. ती म्हणाली, तुमचं लक्ष एकीकडेच हाय जी, पहिल्यापासून. यात टोमणा नसावा.

१८ जुलै

मथुरा भांडत नाही. पूर्वी भांडायची, काहून केलं, काहून नाही केलं. आता विचारलं तेवढंच बोलते. मला भांडण आवडत नाही, पण हे त्याहून वाईट आहे. काम सुचेना. तरी दोन पाटे घट्ट केले.

२२ जुलै

ट्रायल दोन. वाळू पडली. भाजलेली, गरम, छान सरळ धारेत. कन्हारने ती गिळली. सगळं पिंप गिळलं. गाडी अर्धं चाक बुडाली.

पाणी थांबत नाही. मी चिखलात उभा राहून मोठ्याने ओरडलो. कोणावर ते आठवत नाही. फकिरा म्हणाला, भाऊ, वजन काहाडा. वजन काढ! साहेब टाक म्हणतात आणि हा काढ म्हणतो. शेवटी मी कोणाचं ऐकायचं?

२६ जुलै

साहेब आले. केवलरामही आला, गावाहून परतला आहे. मी क्लचच्या प्लेटा घासत होतो, हात काळे, म्हणून बोलणं झालं नाही. मथुराने दोघांना ताक दिलं. बराच वेळ दारात तिघं बोलत होते. ती काहीतरी समजावत होती, केवलराम ते पुढे सांगत होता. साहेब मान डोलवत होते. मी नंतर विचारलं काय बोलणं झालं. म्हणाली, काई नाई, ताकाचं.

मथुराने आज काठीला जुनं लाल लुगडं बांधून कुंपणापाशी ठेवलं. वाळत घातलं असेल. पावसात?

२९ जुलै

आणखी दोन स्लीपर. आता नक्की.

३१ जुलै, गुरुवार. दुपारी ४. दवाखान्याच्या व्हरांड्यात.

वही खिशातच होती; हात चिखलाचे, म्हणून अक्षर असं.

सकाळी सातला मथुरा म्हणाली, सुरू झालं. मी म्हणालो, गाडी तयार आहे. आणि ती खरंच तयार होती. हँडलच्या तिसऱ्या फेरीला सुरू. तिला गाद्यांवर बसवलं, भागाबाई शेजारी. धूर आला. फाटकातून बाहेर पडलो. पंधरा हात गेलो.

थांबली.

कन्हारपर्यंतसुद्धा नाही. माझ्याच अंगणापुढच्या ओल्या मातीत. मी वाळूची तार ओढली, तुटली. खाली उतरून हातांनी वाळू टाकली. साखळ्या टाकल्या. घरातली दारं काढून चाकाखाली टाकली. टाकत राहिलो. आतून मथुराचा आवाज येत होता आणि मला मागचं वर्ष ऐकू येत होतं. ती बैलगाडी. तेव्हाही मी असाच चाकापाशी होतो, आणि वर मुलगा झाला, एकदा रडला, पुन्हा रडला नाही. मी चाकच ढकलत होतो. त्याचं तोंड मी दुपारी पाहिलं. हे लिहायचं नव्हतं. पण नियम खरं लिहायचा आहे.

मी चिखलात बसलो आणि रडलो. एवढंच जमलं.

मथुराने भागाबाईला सांगितलं, माय, काठी उभी कर. भागाबाईने लाल लुगड्याची काठी कुंपणात रोवली. पंधरा मिनिटांत माळावरून डोझर आला, मागे लोखंडी पत्र्याची बिनचाकी घसरगाडी बांधलेली, तिच्यावर ताडपत्री, समोर स्तेपान साहेब. हे सगळं त्या दिवशी दारात ठरलं होतं. ताकावर.

साहेबांनी आधी माझ्या व्हॅनला साखळी लावून पाहिली. डोझरने ओढलं. साखळी तुटली. केवलराम म्हणाला, साहेब पुसून राहिले, हिच्यात भरलं काय हाय?

मी सांगितलं.

मग मथुरा आणि भागाबाई पत्र्यावर बसल्या. डोझरने घसरगाडी कन्हारवरून अशी नेली की मला मागे पळावं लागलं. पक्क्या सडकेवर साहेबांची जीप उभी होती. मी पोचलो तेव्हा जीप निघून गेली होती. मी मागून आलेल्या एका ट्रकवर बसून इथे आलो. हातात रिकामा गडवा होता, तो का घेतला माहीत नाही.

मुलगी झाली. साडेसहा पौंड. रडते. अजून रडते. मी दाराबाहेरून ऐकतो आहे.

५.३०

केवलरामला विचारलं, साहेबांना मराठी किती येते? तो म्हणाला, कायची मराठी? मी म्हणालो, टाक म्हणतात ना. तो हसून हसून बाकावर आडवा झाला. म्हणे, ते त रशियन हाय. आपुन नाई का हं, बरं, असं म्हणत, तसं. त्याचा काहीच मतलब नाई. मी म्हणालो, आणि खराशो? म्हणे, लय चांगलं.

आणि म्हणे साहेबाला वाटलं, तू गाडी जमिनीत गाडून तिच्यावर पाण्याची टाकी बसवाचा पाया भरून राहिला. पाया मजबूत हाय, असं ते परवा म्हनत होते.

हं. बरं.

११ ऑगस्ट, सोमवार. रुआबांधा.

आज बारसं. नाव रंभा.

गाडी जागच्या जागी आहे. हिरालाल शेठ येऊन पाहून गेले. म्हणाले, कन्हार वाळली की नोव्हेंबरात पाहू. तोपर्यंत दारातच राहणार. गाडी दारात हवी होती, तशी आहे. भागाबाई तिच्या बंपरला म्हैस बांधते. टपाखाली कोंबड्या बसतात.

सासूबाई कालच्या पॅसेंजरने आल्या. आल्या आल्या व्हॅनकडे पाहून म्हणाल्या, जावईबापू, हे काय हाय? मथुरा म्हणाली, पाया हाय. मग हसली. महिन्यात पहिल्यांदा. मी वर्षभर भीत होतो, की ती मला माफ करणार नाही. अजून विचारलं नाही.

संध्याकाळी साहेब आले. टोपी काढून पाळण्यावर वाकले, बराच वेळ मुलीकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, टाक. टाक, टाक.

मथुरा ताक आणायला उठली. मी दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो. काहीही टाकलं नाही.