देवापुढची बॅटरी

आष्टी, १३ मे १९८४, रविवार

आज दिवेलागणीले देवापुढं दिवा लावला नाई, जीव थाऱ्यावर नव्हता. घरात प्लग एकच, तोही देवघरात, अन् माह्या वसंतानं मॅटाडोरची मागची बॅटरी तिथंच चार्जिंगले लावली. "माय, इच्यातून गॅस निघते. काडी ओढू नको, नाईतर देवासकट उडशीन," म्हणे मेला.

उद्या नात शोभा सेवाग्रामच्या दवाखान्यातून बाळाले घेऊन येते. मी पणजी झाली, हे किती वेळा लिहू? वसंतानं गाडीत खाट टाकली, पंखा बसवला. गाडी झाडाखाली थांबली तरी पंखा फिरावा म्हणून ही बॅटरी. वैशाखाचं ऊन हाय अन् बाळ आठ दिवसांचं.

चार्जरचा काटा दुपारी सहावर होता. संध्याकाळी पाह्यला त दोनवर. दिवा नाई लावला म्हणून देव कोपला काय? उद्या पंखा नाई फिरला त बाळाचं कसं? हात जोडून बसली, त काटा अजूनच उतरला. मंग वसंताले हाक मारली.

तो हसला. "अवं माय, बॅटरी किती करंट वढते ते काटा दाखवते. काटा उतरला म्हंजे तिचं पोट भरत आलं. पोट भरल्यावर लेकरू दूध वढते का?"

हे मले काऊन नाई समजलं? सात लेकरं पाजली मी.

बॅटरी गाडीत गेली. दारं-खिडक्या उघडून घडीभर थांबली अन् मंग दिवा लावला. देवाले म्हटलं, आज तुह्या आधी बाळाचं पाह्यलं, रागावू नको.