हाताने गुंडाळलेलं पिकअप

प्रिय भाऊजी,

तुमची गिटार तयार आहे. जुनं पिकअप काढून ह्यांनी नवं बसवलंय, तेही स्वतः केलेलं. तुम्हीच मला एकदा समजावलं होतं, की तारांखालचा हा बोटभर तुकडा त्यांची थरथर पकडून स्पीकरकडे धाडतो. तो मेला की गिटार मुकी. मी म्हटलं, विकत का नाही आणत? तर म्हणाले, "धाकट्याच्या गिटारला बाजारातला आवाज नको."

आधी माझ्या शिलाई मशीनची मोटर गायब झाली. तिच्यावर रीळ चढवून हे खिडकीपाशी केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळत बसायचे. चिमटीत जरा जोर पडला की तुटायची. मग पुन्हा पहिल्यापासून. चहावर साय धरायची, पण मान वर नाही. मी हाका मारून थकायची. बायकोचं न ऐकणं हा नवऱ्यांचा जुनाच आजार, म्हणून हसण्यावारी नेलं.

मग एकदा किटली शिट्टी मारमारून कोरडी पडली, काळी झाली, आणि हे शेजारीच बसलेले. तेव्हा मात्र मी ह्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डावा कान केव्हाच गेलाय, उजवा त्याच वाटेवर आहे. आता तोही गेला, भाऊजी. तुमचा फोन आला की मी 'कामात आहेत' म्हणते ना, ते ह्यांनी शपथ घातली म्हणून. "त्याला कळवलंस तर वाजवायचं सोडून माझ्यापाशी रडत बसेल." हल्ली ओठ बघून बोलणं ओळखतात. माझे ओठ बरे कळतात, पण मला रडू आलं की ते भलतेच हलतात, आणि हे म्हणतात, "पुन्हा सांग."

पिकअप झालं, मीटरवर तपासलं, मेणात बुडवलं, वर झाकण बसवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी स्पीकर लावतात, गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकवतात आणि तुम्ही दोघं शाळेत वाजवायचात ती धून वाजवतात. थरथर हाडांत पोचते म्हणे. चेहरा असा उजळतो, की मी हातातलं काम टाकून बघत राहते.

पण स्पीकरमधून काहीच येत नाही, भाऊजी. झाकण बसवताना आतली तार तुटली असावी. मी बटणं फिरवली, वायर बदलून पाहिली. नुसती तारांची कोरडी टिणटिण. रविवारी तुम्ही न्यायला याल, तेव्हा 'छान वाजते' एवढं म्हणा, हे सांगायलाच लिहायला बसले होते. पण ह्यांनी आजवर बिघडलेली वस्तू कुणाच्या हाती दिली नाही, तुम्हाला तर नाहीच देणार. तेव्हा खरं तेच सांगा. माझ्याच्याने होत नाही. समोर बसा, तोंड उजेडाकडे ठेवा, सावकाश बोला. तार घरात अजून आहे.

रविवारची वाट पाहणारी,
तुमचीच वहिनी