सत्तावीस पेशांची वाटणी

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने कवळ्या बनवणारा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी आजच तपासून सांगितले आहे. याबद्दल घरात दुमत आहे, पण दाखला डॉक्टरीणबाईंचाच चालतो. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व मिळकतीचे काटेकोर समान भाग होते, चमचेसुद्धा मोजलेले. ते या लिखाणाने रद्द समजावे. का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहते घर. माझ्या पश्चात पत्नीने ते हयातभर वापरावे. तिच्यानंतर ते लेकीचे. ती पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढते, दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि या घरातला कुठला पाइप कुठे गळतो हे तिला एकटीला ठाऊक आहे. मुलाला घरात हिस्सा नाही. मागच्या खेपेला त्यानेच मला विचारले होते, "बाबा, हे घर माझ्या गळ्यात तर नाही ना मारणार?" नाही मारत.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलाला. दोघांचे भाग सारखे नाहीत. लेक म्हणेल त्याला जास्त मिळाले, मुलगा म्हणेल तिला. दोघे एकाच वेळी तसे म्हणाले, तर वाटणी बरोबर झाली असे धरावे.

कलम ३. कामाची हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, कानशी, घासायची मोटर आणि बाकावरचा दिवा, एकोणीस वर्षे माझ्याजवळ काम केलेल्या सहायकबाईंना. वरची कवळी त्या माझ्यापेक्षा चांगली बसवतात. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. सहीशिक्क्याच्या कागदावर आले की मागे घेता येत नाही.

कलम ४. आता खेळ. ज्या वकीलसाहेबांना हे वाचावे लागेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा. हा संगणकावरचा एक जुना खेळ आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, त्याचा पेशा निवडायचा, आणि चौघापाचांच्या टोळीने मुलूखभर भटकत लढायचे. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. आतल्या फायली मात्र उघड्या राहिल्या, म्हणून खेळणारेच त्यात आपापली भर घालू लागले. मुळात पेशे चार होते: तलवारवाला, तिरंदाज, जादूगार, वैद्य. आमच्या आवृत्तीत ते सत्तावीस झाले.

हे काम माझ्या मेहुण्याचे. तो बस चालवायचा. पाय मोडून सहा महिने घरी बसला, तेव्हा त्याने मला या नादाला लावले. बसमध्ये पाहिलेल्या माणसांचे तो पेशे करी. त्याचा घंटावाला लढत नसे. घंटा वाजवली की शत्रू गोंधळून भलतीकडे पळत. दिवेवालीच्या हातात शस्त्रच नव्हते, पण तिच्या उजेडात टोळीवर दबा धरून हल्ला होत नसे. लोकांची नुसती झुंबड उडाली. चारशे माणसे खेळत होती.

मग तक्रारी आल्या. एक गृहस्थ, ज्यांना आम्ही अर्जदार म्हणत असू, त्यांनी दिवेवालीविरुद्ध एकसष्ट पत्रे पाठवली. शुद्धलेखन निर्दोष. दिवेवाली टोळीत असली की ती टोळी जास्त जिंकते, हा अन्याय आहे, असे म्हणणे. मला ते पटले. मी तक्ता तयार केला. प्रत्येक पेशाची प्रत्येकाशी हजार वेळा लढाई लावायची; जो शंभरात बावन्नपेक्षा जास्त जिंकेल त्याला घासायचा, अठ्ठेचाळीसच्या खाली जाईल त्याला भर घालायची. दिवेवाली लढतच नव्हती, म्हणून तक्त्यात बसेना. मी तिच्या हातात तलवार दिली. उजेडाची व्यवस्था सगळ्यांना सारखी करून टाकली.

चार वर्षे मी असा घासत होतो. शेवटी सत्तावीसच्या सत्तावीस पेशे बरोबर पन्नासावर आले. मी पेढीतल्या कारकुनासारखा खूश झालो आणि मेहुण्याला बोलावून तक्ता दाखवला. त्याने बोट फिरवत सगळे रकाने वाचले.

"भावोजी," तो म्हणाला, "यात सत्तावीस काय आहे?"

"पेशे."

"नाही. नावं सत्तावीस आहेत. माणूस एकच आहे."

मी त्याला नको ते बोललो. तू आयुष्यभर बस हाकलीस, तुला हिशेबातले काय कळते, असे म्हणालो. तो आपली प्रत घेऊन निघून गेला आणि त्याने वेगळा संसार थाटला. तिथे कोणालाही काहीही भर घालायची मुभा होती. वर्षभरात नव्वद पेशे झाले. त्यातला कुंभार मडके फोडून अख्खा किल्ला चार मिनिटांत घेई, तेव्हा सगळे कुंभारच झाले. त्याच्याकडे नव्वद पेशे आणि गावभर कुंभार. माझ्याकडे सत्तावीस पेशे आणि गावभर शिपाई. दोन्हीकडची माणसे कंटाळून गेली. माझ्याकडे शेवटी अर्जदार एकटे उरले. ते स्वतःशीच खेळत आणि निकाल असमान लागल्याचे कळवत.

मेहुणा आणि मी सहा वर्षे बोललो नाही. पत्नीला एकाच ताटातले दोन घास वेगळे ठेवावेत तसे आम्हाला सांभाळावे लागले. ती एकदाच बोलली. "अहो, चाळीस वर्षं तुम्ही तोंड बघून दात केलेत. एकच कवळी सगळ्यांना बसवली असती तर लोकांनी दुकान फोडलं असतं." मी म्हणालो, दात वेगळे आणि खेळ वेगळा.

गेल्या महिन्यात माझे ऑपरेशन झाले. दुपारी पडून होतो, तर स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, "तुम्ही पुलाशीच थांबा, मी दिवा घेऊन येते." मला वाटले औषधाने भास होतो आहे. भिंत धरत गेलो. ती ओट्यावर डब्यांच्या मधे लॅपटॉप ठेवून, कानाला हेडफोन लावून बसली होती. पडद्यावर दिवेवाली होती. हातात तलवार नव्हती.

ती आमची दुसऱ्या वर्षाची प्रत होती. माझी कानस लागण्याआधीची. मेहुण्याने भांडणाच्या आठवड्यातच ती तिला आणून दिली होती. तेव्हापासून रोज तीन ते पाच, चौदा माणसे तिथे खेळत होती. मेहुणा त्यांतला एक.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तक्ता काढला असता."

"पण एखादा पेशा फार वरचढ झाला तर काय करता?"

"त्याला म्हणतो, बाबा रे, जरा मागे थांब. थांबतो तो."

"आणि नाही थांबला तर?"

"तर त्याला पुढच्या वेळी बोलवत नाही," असे म्हणून तिने हेडफोन पुन्हा कानाला लावला. पुलाशी माणसे खोळंबली होती.

सबब, माझ्या आवृत्तीचा सर्व्हर व पासवर्ड मेहुण्याला. त्याने तो चालवावा किंवा बंद करावा, मी वरून येऊन विचारणार नाही. बस हाकण्याबद्दल मी बोललो ते शब्द मागे घेतो. त्याला हे माझ्या पश्चात कळू नये, म्हणून मी मंगळवारी सकाळीच फोन करून सांगितले. तो म्हणाला, "बरं. तीन वाजता या." एवढेच.

तक्ता, एकूण तीनशे बारा पाने, अर्जदारांना. त्यांना त्यातून समाधान लाभो.

कलम ५. व्यवस्थापक म्हणून लेकीला नेमतो. तिने भावाशी भांडावे, पण एका दिवसात उरकावे.

कलम ६. पत्नीच्या आवृत्तीत मी मंगळवारपासून खेळतो आहे. नावाडी घेतला आहे. तो फार दुबळा आहे. दोनदा नदीत बुडाला, आणि दोन्ही वेळा लोक काठावर थांबले. माझ्या पश्चात तो काढून टाकू नये. त्याला कोणी सुधारूही नये.

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक : १४ मार्च, शनिवार, सकाळी साडेदहा.

सही : कवळीवाला

लिहून देणाऱ्याने आमच्यादेखत वाचून सही केली, म्हणून आम्हीही केली :
१. डॉक्टरीणबाई, वरचा मजला
२. चष्मेवाले, शेजारचे दुकान