दोन कार्डं आणि एक वाकडी रेघ

ता. ४ फेब्रुवारी

चि. खारूताई हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. मी फोनवर बोललो की भिंतीपलीकडे तुझ्या मामीला सगळं ऐकू जातं, आणि हळू बोलायची मला सवय नाही. ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको.

सोबतच्या खोक्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं, माझ्या कंप्युटरचं ग्राफिक्स कार्ड आहे. नऊ वर्षं त्याने माझ्या लोखंडी जिन्यांची ड्रॉइंगं पडद्यावर ओढली. आता थकलंय. जिना फिरवून बघायला गेलं की चित्र अडखळतं, पंखा घरघरतो, ते मी चालवून घेतलं असतं. पण हल्ली सरळ रेघ मध्येच वाकडी दिसते. बरोबर पडद्याच्या मध्यावर. गेल्या महिन्यात एका गोदामाच्या जिन्याची पायरी आठ मिलिमीटर उंच निघाली. मी १७० च्या जागी १७८ तसंच राहू दिलं होतं. वेल्डर जुना माणूस. त्याने पायरी कापून पुन्हा जोडली आणि मला बाजूला घेऊन विचारलं की साहेब, झोप नीट होते ना.

तू दिवसभर हीच कार्डं तपासतेस. हे आणि एखादं नवीन शेजारी शेजारी लावून बघ आणि खरं काय ते कळव. कार्डाशिवाय माझा पडदा काळाच आहे, तेवढीच मला विश्रांती. शाळेच्या मागच्या बाजूचा, आग लागली तर मुलांनी उतरायचा जिना मी हे पाठवण्याआधीच काढून कारखान्यात दिला आहे, त्याची फाईल सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
मामा

ता. १५ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

उशीर झाला, रागावू नकोस. सध्या दिवसाला सात-आठ कार्डं टेबलावर येतात. लाव, तापव, मोज, काढ. संध्याकाळी घरी येते तेव्हा पंखे बंद असले तरी कानात घोंघावत असतात. काल भाजी चिरता चिरता झोप लागली, नशीब सुरी बाजूला होती.

तुझ्या कार्डातून निघालेल्या धुळीत एक उशी भरली असती. चिपवरचा, उष्णता ओढून घेणारा लेप वाळून खडू झाला होता. साफ केलं, नवीन लेप लावला, तर अठ्ठ्याऐंशी अंशांवर जाणारं चौऱ्याहत्तरवर थांबलं. म्हातारं अजून कामाचं आहे. मग तुझा तोच शाळेचा जिना दोन्हींवर उघडला. जुन्यावर फिरवताना सेकंदाला चौदा-पंधरा चित्रं, म्हणून अडखळतं. नव्यावर नव्वदच्या वर. नव्याची मेमरी चौपट, वीज निम्मी, आणि पंखा इतका शांत की चालू आहे का ते बोट जवळ नेऊन बघावं लागलं. जास्तीची वायरही लागत नाही, म्हणजे तुझ्या जुन्या डब्याला चालेल.

एकच गोष्ट जमेना. तुझी वाकडी रेघ मला कुठे सापडली नाही. जुन्यावरही नाही. पडद्याला पट्टी लावून बघितलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही बोलावलं. त्या म्हणाल्या, पट्टी वाकडी असेल, रेघ सरळ आहे. तुझी वायर तरी सैल असेल, नाहीतर मॉनिटर बिघडला असेल.

तरी नवीन कार्ड पाठवते. मी स्वतःसाठी घेऊन ठेवलं होतं, पण घरी येऊन पुन्हा पडदा बघायची ताकद कुणाला आहे? मामीचे कान तिखट म्हणून पत्रं लिहितोस, तर तिच्यापासून आणखी काय काय लपवतोस तेही एकदा कळव, यादी करून ठेवते.

तुझी,
खार

ता. २४ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

कार्ड बसवलं. स्क्रू हातातून दोनदा पडला, दोन्ही वेळा तुझ्या मामीने शोधून दिला आणि काही विचारलं नाही. तिचं न विचारणं मला बरं वाटत नाही.

तुझं म्हणणं खरं निघालं. जिना आता लोण्यासारखा फिरतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी चहा संपायच्या आत काम संपवलं. पण रेघ आहे तिथेच वाकते. वायर बदलली. मॉनिटर शेजाऱ्यांचा आणून लावला, त्यातही तेच. आता तर मध्यावर एक करडा डागही दिसतो, फडक्याने पुसला तरी जात नाही.

घरच जुनं झालंय म्हणायचं. न्हाणीघरातल्या फरश्यांच्या रेघासुद्धा हल्ली पोटात दुखल्यासारख्या वाकतात. गवंड्याला बोलवावं म्हणतो. तुझ्याकडे याहून चांगलं कार्ड असेल तर बघ. नसेल तर राहू दे. खरं सांगू, सगळ्याचाच कंटाळा आलाय.

तुझा,
मामा

ता. २७ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. याच्याहून चांगलं कार्ड नाही आणि लागणारही नाही.

फरशीत ग्राफिक्स कार्ड नसतं, मामा.

सोबत चौकटीच्या वहीचं पान आहे, मध्ये मी एक ठिपका काढलाय. चष्मा लाव, पान नेहमी वाचतोस तेवढ्या अंतरावर धर. आधी उजवा डोळा हाताने झाकून ठिपक्याकडे बघ, मग डावा. कोणत्याही डोळ्याला रेघा जिथे वाकलेल्या दिसतील तिथे पेन्सिलने खूण कर. आणि पान मला पाठवत बसू नकोस. ते घेऊन त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मी इथल्या एका डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या की असं असेल तर दिवस मोजायचे असतात, महिने नाही.

खार

ता. ११ मार्च

चि. खारीस मामीचे आशीर्वाद.

तुझ्या मामाने तुला उत्तर दिलं नाही हे मला ते पान सापडल्यावर कळलं. गादीखाली होतं. ठिपक्याभोवती त्यांनी पेन्सिलने एवढा मोठा गोल काढलाय, माझ्या तळहाताएवढा. सोबत तुझी पत्रंही होती. वाचली. माझे कान फार तिखट आहेत म्हणे. जे सांगायचंच नाही ते कानांना कसं ऐकू येणार?

मी पान त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, चला. तर म्हणाले की आधी शाळेचा जिना, मग डोळा. त्या जिन्याचे आकडे आपण कोणत्या डोळ्यांनी लिहिले ते आपल्याला माहीत आहे, उद्या त्यावरून मुलं उतरतील. मी खूप भांडले. शेवटी तेच खरं वाटलं म्हणून सोडलं.

पुढचं वेल्डरने मला सांगितलं. तो त्यांना घरापर्यंत सोडायला आला होता. दोघांनी कारखान्यात तयार जिन्याच्या खालपासून वरपर्यंत अठ्ठेचाळीस पायऱ्या मोजल्या. हे फीत धरायचे, आकडा तो वाचायचा, कारण यांना फितीवरचा आकडा दिसेना. एकोणिसावी आणि एकतिसावी चुकलेली निघाली. हे तिथेच पायरीवर बसून राहिले. मग उठून मालकांच्या खोलीत गेले आणि दार उघडं ठेवूनच सांगितलं की चूक यंत्राची नाही, मला दिसत नाही. मालक फार बोलले. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला बोलू नये इतकं बोलले. नंतर बाहेर येऊन त्यांनीच यांच्यासाठी पाणी मागवलं, असंही वेल्डर म्हणाला.

उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. मी सोबत जाते. तू येऊ नकोस, लागलीस तर बोलावीन.

तुझी,
मामी

ता. १८ मार्च

ती. मामास आणि मामीस सा. न.

मामीचा फोन आला. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, डाव्याची मधली नजर गेली, उजव्यात नुकती सुरुवात आहे, तो बहुतेक धरून ठेवता येईल, एवढं ती बोलली आणि तिने फोन ठेवला.

मामा, तू ४ फेब्रुवारीला लिहिलंस. मी अकरा दिवस कार्डं तपासत बसले. अंश मोजले, चित्रं मोजली. तू स्वच्छ लिहिलं होतंस की रेघ वाकडी दिसते, आणि मी वायर बघ म्हणाले. पट्टी लावून बघितली तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. दिवसभर यंत्रात दोष शोधून शोधून मला दुसरीकडे बघताच येत नाही असं झालंय. कामावर आज तीन कार्डं तशीच ठेवून आले.

रागव हवं तर. पण पत्र लिही.

तुझी,
खार

ता. २६ मार्च

चि. खारूताई हिला अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे, ओळी उतरत्या आहेत, समजून घे. उजव्या डोळ्यात पहिली सुई घेतली. डोळ्यात सुई म्हटलं की काळजाचं पाणी होतं, प्रत्यक्षात मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही. महिन्याला एक, किती महिने ते डॉक्टर सांगत नाहीत. डाव्याचं गेलं ते परत येणार नाही. जिने काढणं संपलं. शाळेच्या जिन्याच्या दोन्ही पायऱ्या बदलल्या, परवा वेल्डर येऊन सांगून गेला.

तू स्वतःला लावून घेतेस ते वाचून मामीने पत्र खाली ठेवलं आणि मला म्हणाली की आता तरी खरं लिहा. म्हणून लिहितो.

मला ऑगस्टपासून माहीत होतं. दाढी करताना साबण गेला म्हणून उजवा डोळा मिटला, तर आरशात माझं नाक जागेवर नव्हतं. डोळा धुतला, उघडला, नाक परत आलं. मी दाढी पूर्ण केली आणि कुणाला काही बोललो नाही. मग रोज सकाळी एक डोळा झाकून दाराची चौकट बघायचो. रोज थोडी जास्त वाकलेली. तुला कार्ड पाठवलं ते खरं कळावं म्हणून नाही. तू लिहावंस की हो मामा, हेच खराब आहे, म्हणून पाठवलं. ते जुनं असावं आणि मी नसावा, एवढंच मागणं होतं. तू लिहिलंस की म्हातारं अजून कामाचं आहे. त्या दिवशी मी बराच वेळ खोक्यासमोर बसून होतो.

तेव्हा तुझे अकरा दिवस माझ्या सात महिन्यांत मोजू नकोस. हिशेब माझा आहे. उद्या कामावर जा, राहिलेली कार्डं तपास, आणि रविवारी यंत्र न उघडता झोप.

पुढच्या सुईच्या वेळी मामी म्हणते की मी आत येते, हात धरते. पहिल्या वेळी मी तिला बाहेरच बसवलं होतं. या वेळी म्हटलं, धर.

तुम्हां दोघींचा,
मामा