पांढऱ्या खिडक्या

३ मार्च, सोमवार

हे कशानं चिकटेल? — काकांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. घरी येईपर्यंत विचार केला. अजूनही येत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आठ महिने मी मॉडेल रेल्वेच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसते आहे, आणि एका प्लास्टिकच्या तुकड्यानं माझी बोलती बंद केली.

हे काका आमच्या दुकानाचे गिऱ्हाईक, नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेत. वीतभर लांबीचा एकच डबा रुमालात गुंडाळून आणला होता. त्याच्याखालची चाकांची चौकट तुटली आहे. पुढच्या डब्यात अडकणारा आकडा तिच्यासकट निखळतो आणि डबा वाटेतच मागे राहतो. चौकटीचं प्लास्टिक बोटाला मेणासारखं लागतं.

मालक म्हणाले, "हे नाही चिकटायचं. नवा डबा घ्या."

काका म्हणाले, "नव्यात ही माणसं नसतील."

मग त्यांनी डबा माझ्या डोळ्यांसमोर धरला. खिडक्यांमागे अकरा प्रवासी, तांदळाच्या दाण्याएवढे. काकूंनी रंगवलेले, दृष्टी जात होती त्या वर्षी. पहिल्या काहींना भुवयासुद्धा आहेत. शेवटच्या तिघांना डोळे नाहीत, नुसते गुलाबी ठिपके. आता काकूंना काहीच दिसत नाही. संध्याकाळी काका गाडी सोडतात आणि डबा समोरून गेला की सांगतात — टोपीवाले गेले, मागून झोपाळू गेला, मूल घेतलेली बाई गेली.

मी म्हटलं, "मी चिकटवून देते."

मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांचं दुकानच देऊन टाकलं!

४ मार्च, मंगळवार

मोडक्या सुट्या भागांच्या खोक्यात तसल्याच तीन चौकटी सापडल्या. एकीची कपची पाण्यात टाकली. तरंगली. जाळून पाहिली — विझलेल्या मेणबत्तीचा वास. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो. गोंदाचंही तेच होत असणार. जो पसरतच नाही, तो धरणार कशाला?

मॉडेलं जोडायचं पातळ सिमेंट लावलं. ते प्लास्टिकला जरा विरघळवून जोडतं. याच्यावर ढिम्म परिणाम नाही. मग दोन नळ्यांचं इपॉक्सी लावून ठेवलं.

५ मार्च

इपॉक्सी अख्खं निघून आलं. संत्र्याची साल निघावी तसं.

६ मार्च, गुरुवार

पॉलिश पेपरनं घासून पुन्हा इपॉक्सी. थोडं धरलं, वाकवताच सुटलं. नुसता सुपरग्लू नखानं उडाला.

मालक येऊन उभे राहिले. "काय म्हणते तुझी डिग्री?"

"विचार करतेय."

"करू दे. तिचा होईपर्यंत माझा चहा होईल."

मला हसू आलं. वाईट नाहीत ते. दुकानात घेतलं तेव्हा माझे गुणही विचारले नव्हते.

८ मार्च, शनिवार

चिकटलं!

सुपरग्लूच्या आधी लावायचा एक प्रायमर मिळतो, याच हट्टी प्लास्टिकसाठी. बारीक पेनासारखा. लावला, मिनिटभर वाळू दिला, मग सुपरग्लू. चाचणीचा तुकडा पकडीत धरून वाकवला तर चौकट दुसरीकडेच मोडली, जोड तसाच. मग काकांचा डबा जोडला. सुपरग्लू जरा सढळ हातानं घातला. उद्या रविवार, दुकान बंद. धूळ बसू नये म्हणून डबा त्याच्या खोक्यात घालून झाकण घट्ट लावून आले.

आई इस्त्री करत होती. लोकांच्या कपड्यांवरच आमचं घर चाललं, माझं कॉलेजही. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे आता तुला गोंद लावता येतो. त्याला तीन वर्षं लागली?" पण शेजारणीला सांगताना मी ऐकलं — "आमची मुलगी शास्त्र लावून दुरुस्त करते."

१० मार्च, सोमवार

खोकं उघडलं. सगळ्या खिडक्या पांढऱ्या.

सुपरग्लूची वाफ. बंद जागेत ती बाहेर जात नाही, कुठे ना कुठे बसते आणि पांढरी होते. मला हे माहीत होतं! दुसऱ्या वर्षाला आम्ही बंद पेटीत हीच वाफ सोडून काचेवरचे बोटांचे ठसे उठवले होते. चोर पकडायला वापरतात म्हणून सर हौसेनं सांगत होते. टोपीवाल्यांच्या खिडकीवर एक अंगठ्याचा ठसा उठलेला होता, रेष न् रेष. माझा.

बाहेरचा थर पॉलिशनं घासून काढला. ठसाही गेला. पण तळाच्या फटीतून वाफ आतही गेली, तिथलं पांढरं तसंच आहे. डबा काकांनी छत चिकटवून कायमचा बंद केलाय, उघडायचा तर मोडावा लागेल. प्रवासी दिसत नाहीत. काहीतरी बसलंय एवढं कळतं.

मालकांनी उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "जुनं प्लास्टिक आहे. पांढरं पडतं."

११ मार्च, मंगळवार

काका आले. आधी चौकट ओढून पाहिली, खूश झाले. मग डबा उजेडाकडे धरला आणि धरूनच राहिले.

मालक म्हणाले, "वय झालं हो डब्याचं."

काका माझ्याकडे वळले. "बाळ, तू शिकलेली आहेस. तू सांग. वयानं होतं असं?"

मी म्हटलं, "हो, होतं."

त्यांनी मला धन्यवाद दिले. जाताना दोनदा.

१२ मार्च

आईला म्हटलं, असं असं झालं. ती इस्त्री फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी एकदा एका बाईचा शर्ट जाळला होता. जळलेला भाग घडीत आत घालून दिला. तिला कळलं की नाही, मला अजून माहीत नाही. ती दिसली की मी दोन वर्षं गल्ली बदलायचे." मी विचारलं, मग मी काय करू? म्हणाली, "नोकरी सांभाळ. दुसरी कुठे ठेवलीय?"

१५ मार्च, शनिवार

काका चाकांसाठी तेल घ्यायला आले होते. गाडी छान पळते म्हणाले. मी विचारलं, काकूंना काय सांगता?

"काय सांगायचं? टोपीवाले गेले, झोपाळू गेला. सगळे जागेवर आहेत म्हणून सांगतो." हसले. "तिला कुठे कळतंय."

ते गेल्यावर मालकांना म्हटलं, मी खरं काय ते सांगणार आहे. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "तिला दिसत नाही. त्याला ऐकायचं नाही. मग सांगणार कोणासाठी? स्वतःसाठी. तुला हलकं वाटावं म्हणून त्या माणसाची संध्याकाळ घालवणार." मग म्हणाले, "दुकानानं खोटं सांगितलं असं बाहेर जायचं असेल, तर सोमवारी येऊ नकोस."

त्यांचं पहिलं बोलणं खोडता येत नाही. पण "शिकलेली आहेस, तू सांग" हे मला विचारलं होतं, मालकांना नाही. आमच्या घरात आजवर कोणालाच कोणी असं विचारलेलं नाही. पहिल्यांदा विचारलं आणि मी ते उत्तर दिलं. शिवाय माणसं काकांची नाहीत, काकूंची आहेत. आपल्या हातच्या कामाचं काय झालं हे ज्याचं काम त्यालाच कळू नये, हे मला पटत नाही. कितीही उलटंसुलटं केलं तरी नाही पटत.

१६ मार्च, रविवार

सांगून आले. दुकानाची किल्ली वाटेत मालकांच्या दारात देऊन, मग काकांकडे.

गाडी चालू होती. काका दारातच हळू म्हणाले, "बाळ, राहू दे." मी आत जाऊन काकूंसमोर बसले आणि सांगितलं — वाफ, बंद खोकं, आणि मंगळवारी मी काय बोलले ते. काकूंनी एवढंच विचारलं, "कोणत्या खिडक्या?"

"सगळ्या."

डबा आमच्यासमोरून दोनदा गेला. कोण गेलं ते काकांनी सांगितलं नाही. मग काकू त्यांच्या दिशेला वळल्या.

"म्हणजे हे पाच दिवस तुम्हालाही कोणी दिसत नव्हतं. आणि एकालाही विसरला नाहीत."