वन्संच्या भाजणीत अळंबी

१२ जुलै १९९२, डोंबिवली
परवाच्या एकादशीपासून वन्संचा चातुर्मास. कांदा, लसूण, वांगं बंद, एकच वेळ जेवण. अळंबी तर त्यांच्या लेखी बारा महिने वर्ज्य. मागच्या गॅलरीत माझ्या पेंढ्याच्या पिशव्या टांगल्यात, धिंगरी अळंबी भरभरून आलीय. वन्सं तिकडे फिरकतही नाहीत. "कुत्र्याच्या छत्र्या घरात लावतेस, सुनंदा? आणि वर खाता?" ह्यांची थोरली बहीण, त्यामुळे हे गप्प.

१९ जुलै
वन्संची साखर पुन्हा वाढली. डॉ. म्हणाले, गोळी चुकवू नका. अळंबी लागवडीच्या शिबिरातली टिपणं काढून वाचली. पिष्ट कमी, तंतू भरपूर, मधुमेह्यांना चांगली. पेशींची झीज थोपवणारी अँटिऑक्सिडंटही असतात म्हणे. घरात औषध पिकतंय आणि जिला हवं ती शिवत नाही. चीड येते.

२० जुलै
केलं. मार्चमध्ये वाळवलेली धिंगरी मिक्सरमधून काढून वन्संच्या भाजणीच्या डब्यात मिसळली. कॉलेजच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढलीत, प्रमाण बरोबर जमलं. रंगही कळत नाही. ह्यांना सांगितलं नाही.

२१ जुलै
वन्सं पहिलं थालीपीठ बाळकृष्णापुढे ठेवतात, मग खातात. रोज ठेवतात, मी रोज बघते, तरी काल डोक्यात आलं नाही. डबा ओतून टाकायला हवा होता. टाकला नाही.

१६ ऑगस्ट
वन्सं म्हणाल्या, "या खेपेला भाजणी छान जमलीय गं." संध्याकाळी नवी भाजणी दळून आणली. तीतही मिसळली. पहिल्यांदा चूक म्हणता येईल, दुसऱ्यांदा काय म्हणायचं?

१२ सप्टें.
साखर उतरली. अळंबीनं, एकभुक्त राहून, की गोळीनं? कुणास ठाऊक. लॅबमध्ये कोणी अशा तीन गोष्टी एकत्र करून निष्कर्ष काढला असता तर मीच हसले असते. तरी आतून खूश झाले आणि त्याची लाज वाटली. वन्संनी देवापुढे साखर ठेवली. "नेम पावला."

४ ऑक्टो.
वन्सं ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला जाऊन आल्या. जिना न थांबता चढल्या. चपला काढता काढता म्हणाल्या, गोळ्या आजपासून बंद. "देवानं बरं केल्यावर गोळी घेणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास."
मी, ह्यांनी, दोघांनी समजावलं. छे.

५ ऑक्टो.
ह्यांना खरं सांगितलं. म्हणाले, "आता तिला नको सांगूस. नेम संपू दे." पण गोळ्या? माझ्या पिठाच्या जोरावर त्या गोळ्या टाकून बसल्यात आणि पिठाचा जोर किती ते मलाच माहीत नाही.

९ ऑक्टो.
सकाळी वन्संना मोरीत चक्कर आली. पडल्या नाहीत, नळ धरला म्हणून. पाटावर बसवलं आणि सांगून टाकलं. केव्हापासून, किती, सगळं. त्यांनी एवढंच विचारलं, "देवापुढच्या पानातही?"
हो म्हटलं.
"बरं." उठल्या, गोळी घेतली, देवघरात जाऊन बसल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

८ नोव्हें.
कार्तिकी झाली. सगळ्यांचे नेम सुटले, वन्संनी सोडला नाही. मोडलेला धरायचा नाही म्हणून पुन्हा चार महिने, पहिल्यापासून. भाजणी आता स्वतः भाजतात, डबा स्वतःच्या कपाटात. गॅलरीतल्या पिशव्या मी उतरवायला घेतल्या तर म्हणाल्या, "टाकू नकोस, तुम्ही खा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. उद्या रक्त तपासायला न्यायचंय. साखर चढली असेल की काय, या विचारानं दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.
दुपारी धीर करून म्हटलं, "वन्सं, तुमच्याबरोबर मीही धरते नेम."
त्या पीठ चाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तू कशाला? तुझं काय मोडलंय?"