बेचाळिसाव्या मिनिटावरची रेघ

श्रीगोंदा,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

नमस्कार. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या जुन्या कुरिअरच्या खोक्यावरून घेतला, पिनकोड दोनदा तपासला.

इकडे कारखाना जोरात चालू आहे. मी वजनकाट्यावरच, दिवसपाळीला. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग संपत नाही. घरी आलो की बसल्या जागी डोळे मिटतात. आईचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे.

दिवाळीत तू गेलास, त्यानंतर जुन्या प्लेअरमध्ये तुझी एक डीव्हीडी राहिलेली सापडली. ज्यासाठी तू इंजिनिअरिंग सोडलंस ते नेमकं आहे तरी काय, म्हणून रागानेच लावली. एक बाई दहा मिनिटं नुसत्या चादरी वाळत घालते. मी बंद करणार, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हिला घरात मदतीला कोनी न्हाई का रं?" आणि शेवटपर्यंत उठली नाही. नंतर मी तो सिनेमा चार वेळा पाहिला. खालच्या इंग्रजी ओळी थांबवून, डिक्शनरी घेऊन आईला सांगितल्या.

मग तू माझ्या मोबाईलवर घालून दिलेलं सिनेमांचं ॲप उघडलं. तुझ्या नावाखाली तुझे अर्धवट सिनेमे दिसतात, कुठवर पाहिलेस त्याच्या लाल रेघेसकट. रेघ रोज थोडी पुढे गेलेली असायची. आई संध्याकाळी चहा ठेवताना विचारायची, "कुठवर गेला आज?" मी सांगायचो, "तासभर पाहिला." "म्हंजी जेवला आसंल," म्हणायची.

वीस डिसेंबरला तुझी रेघ बेचाळिसाव्या मिनिटावर थांबली. चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवसापासून काट्यावर जेवणाच्या सुट्टीत मीच तो सिनेमा तुझ्या नावावर रोज पाच मिनिटं चालवला. आवाज बंद, मोबाईल पालथा. आईला रेघ हललेली दाखवता यावी म्हणून. काल तो संपला.

अजून एक आहे. तुझं डीव्हीडींचं खोकं सापडत नाही असं मी म्हणालो होतो. ते मी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिलं आणि बदल्यात दोन किलो लसूण घेतला. तुझ्या शिक्षणापायी मी अकरावी सोडली आणि तू तिकडे सिनेमे बघत बसलास, हेच डोक्यात होतं. आपल्याकडे एवढा लसूण एकदम भंगारवाल्याकडूनच येतो. तू ओट्यावरच्या लसणाच्या पिशवीकडे पाहिलंस, काय ते ओळखलंस आणि बॅग भरलीस. आईला वाटत होतं, ती नोकरीचं बोलली म्हणून तू गेलास. अडीच महिने मी तिला तसंच वाटू दिलं.

आज सकाळी तिला दोन्ही सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. शेवटची भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मला आधी सांगायचं हुतंस. आता त्याला लिही. बोलायचं नसंल तर नको बोलू म्हनावं. नुसती रेघ हालव."

रेघ मी पुन्हा बेचाळिसाव्या मिनिटावर आणून ठेवली आहे. तिथून पुढचं मी पाहिलेलं नाही. आता रेघेला हात लावणार नाही. आई संध्याकाळी विचारेल, आणि जे दिसेल तेच मी तिला सांगेन.

तुझा धाकटा,
हर्षल